अकराची अट

रायपूरच्या सीबीएसई शाळांमध्ये बारावीला हिंदी घेणारी मुलं दरवर्षी एका मराठी पुस्तकाचा तुकडा वाचतात, आणि तो मराठीतला आहे हे त्यातल्या अनेकांच्या लक्षातही राहत नाही. पाठाचं नाव ‘जूझ’. एनसीईआरटीच्या ‘वितान’ या पूरक वाचनाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तो आहे. मूळ पुस्तक म्हणजे आनंद यादवांचं ‘झोंबी’. ते १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिंदी अनुवाद केशव प्रथम वीर यांचा. दोन्ही भाषांमध्ये ये-जा करून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला या पाठाचं अप्रूप वाटत आलं आहे. माधवराव सप्र्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला. ज्या गावात त्यांनी देह ठेवला त्या गावातल्या मुलांनी कागलच्या शेतातली गोष्ट हिंदीतून वाचावी, हे मला फार बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात तात्यापाऱ्यातली आमच्या शेजारची मुलगी परीक्षेआधी हा पाठ घेऊन माझ्याकडे आली. तिने उत्तरं तयार करून आणली होती, मी फक्त नजर टाकायची होती. कथानायक जिद्दी आहे, कष्टाळू आहे, शिक्षणाची त्याला ओढ आहे, प्रतिकूल परिस्थितीवर तो मात करतो, म्हणून शीर्षक सार्थ आहे. चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सहज म्हणून मी विचारलं, “हा मुलगा शाळेत किती वाजता पोहोचतो गं? आणि तोवर काय करत असतो?” तिने पानं उलटली, थोडा वेळ शोधलं आणि म्हणाली, “ताई, हा प्रश्न येत नाही.”

तिचं बरोबर होतं. घरी आल्यावर मी पाठाखालचे प्रश्न पुन्हा वाचले. शीर्षक योग्य आहे का, कविता लिहिण्याचा आत्मविश्वास मुलाला कसा आला, सौंदलगेकर मास्तरांच्या शिकवण्यात काय विशेष होतं, कवितेमुळे एकटेपणाकडे पाहण्याची त्याची दृष्टी कशी बदलली, शिक्षणाबद्दल बापाचं बरोबर की मुलाचं आणि दत्ताजीरावांचं, आणि माय-लेकरांना खोटं बोलावं लागलं नसतं तर पुढे काय झालं असतं. प्रश्न चांगले आहेत. पण ‘बालमजुरी’ हा शब्द त्यात एकदाही येत नाही. तो आपण या पुस्तकाबद्दल मराठीतही फारसा वापरलेला नाही. ‘झोंबी’ ही आपल्याकडे शिक्षणासाठीच्या धडपडीची कहाणी आहे, ग्रामीण आत्मकथन आहे, बोलीच्या सामर्थ्याचं उदाहरण आहे. एका मुलाकडून वर्षानुवर्षं करून घेतलेल्या कामाचं हे पुस्तक आहे, असं म्हटलं की आजही थोडं उद्धट वाटतं.

ज्यांनी पाठ वाचलेला नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. बापाने मुलाची शाळा बंद करून त्याला शेतीला जुंपलं आहे. मुलाला शाळा हवी आहे, पण बापापुढे बोलण्याची सोय नाही. मग माय-लेकरं रात्री गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जातात आणि आम्ही आलो होतो हे सांगू नका, अशी गळ घालतात. देसाई बापाला बोलावून घेतात. स्वतः मोकळा हिंडतोस आणि बायको-पोराला राबवतोस, म्हणून खडसावतात. बाप नमतो, पण अटी घालतो. दिवस उजाडताच शेतावर हजर व्हायचं. अकरा वाजेपर्यंत पिकाला पाणी पाजायचं. तिथूनच शाळेत जायचं. शाळा सुटली की दप्तर टाकून पुन्हा शेतावर, तासभर गुरं राखायची. शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मुलगा सगळं कबूल करतो. त्याला आनंद होतो आणि वाचणाऱ्यालाही होतो. शाळा सुरू झाली ना, मग आपण सुटकेचा श्वास टाकून पुढे वर्गात, मास्तरांच्या कवितांमध्ये जातो.

मीही तशीच पुढे गेले होते, एकदा मराठीत आणि दोनदा हिंदीत. या वेळी अटीपाशी थांबले आणि हिशोब केला. उजाडल्यापासून अकरापर्यंत धरले तर पाच तास, संध्याकाळी एक. दिवसाचे सहा तास काम, आणि मधे पाचवीचा वर्ग. आता शेजारी कारखान्यांचे कायदे ठेवून पाहा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांची मुभा दिली होती. १८९१ साली नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला सात तास, १९२२ साली बारा ते पंधराला सहा तास, १९३४ साली पाच. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्याने चौदा पूर्ण झालेल्या पण पंधरा न झालेल्या मुलालाही साडेचार तासांच्या वर काम देता येत नाही. यादव १९३५ चे. म्हणजे ज्या काळात मुंबईच्या गिरणीत बारा वर्षांच्या पोराला पाच तासांची मर्यादा होती, त्या काळात कागलच्या मळ्यात त्याच वयाचं पोर सहा तास राबून वर शाळा करत होतं, आणि हा त्याच्या लढ्यातला विजय होता. मळा हा कारखाना नाही आणि बाप हा मालक नाही, एवढ्या दोन गोष्टींनी तासांचा हिशोब पुसला जातो.

‘झोंबी’ला हिंदीत ‘जूझ’ म्हटलं तेव्हाही काहीतरी पुसलं गेलं. झोंबी म्हणजे दोन अंगांची गाठ. आखाड्यातला, भांडणातला शब्द. झोंबायला समोर कुणीतरी लागतं. ‘जूझना’ला समोर माणूस असावाच लागतो असं नाही. अडचणींशी, आजाराशी, परिस्थितीशी जूझता येतं. मराठी शीर्षकात बाप उभा आहे; हिंदीत आल्यावर त्याच्या जागी परिस्थिती आली. मी केशव प्रथम वीरांना दोष देत नाही. हा अनुवाद माझ्याकडे आला असता तर ‘झ’चा नाद राखणारा, आपल्या ‘झुंजी’च्या नात्यातला हाच शब्द मीही आनंदाने उचलला असता. पण शब्द चपखल बसतो तेव्हा त्याने काय झाकलं तेही पाहावं लागतं. शेजारची मुलगी ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात’ लिहिते, ते तिचं घोकलेलं वाक्य असेल; पण शीर्षकानेच तिला त्या वाटेला लावलं आहे.

बापाची ती अट पुढे देशाच्या कायद्यात गेली, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण २०१६ ची दुरुस्ती वाचावी. १९८६ च्या बालकामगार कायद्यात त्या वर्षी मोठा आणि चांगला बदल झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि चौदा ते अठराच्या मुलांना धोकादायक कामांतून वगळलं गेलं. त्याच वेळी एक दार उघडं ठेवलं. मूल आपल्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करत असेल, आणि ते काम धोकादायक यादीतलं नसेल, तर ही बंदी लागू नाही. कुटुंब म्हणजे आई-वडील, भावंडं, आणि काका, आत्या, मामा, मावशी. उद्योगात बाहेरची माणसं कामाला ठेवलेली असली तरी तो कुटुंबाचाच उद्योग. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. आनंद यादव त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला गेले. देसायांच्या धाकाने मिळवलेली ती तडजोड त्यांच्या शेवटच्या वर्षात देशभरची तडजोड झाली. एवढा फरक आहे की कायदा ‘शाळेनंतर’ म्हणतो, आणि बाप ‘शाळेआधी, शाळेनंतर, आणि गरज पडली तर शाळेऐवजी’ म्हणाला होता. तो निदान खरं बोलला होता.

कायद्याने यासाठी निवडलेला शब्द आहे ‘मदत’. मूल काम करत नाही, मदत करतं. अनुवादाच्या धंद्यात असे शब्द रोज हातात येतात. मराठीत आपल्याकडे त्यांचा चांगला साठा आहे. मूल घरात ‘हातभार’ लावतं. त्याच्या हाताला ‘वळण’ लागतं. त्याच्यावर कष्टाचे ‘संस्कार’ होतात. ‘श्यामची आई’ वाचून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे शब्द आईच्या आवाजात ऐकू येतात. त्या घरातल्या कामात प्रेम होतं आणि शाळाही होती, हे मला मान्य आहे. अडचण अशी की तेच शब्द आपण ज्याला शाळा नाही त्या मुलालाही लावतो. शिवकाशीत फटाके भरणारं पोर, बीडहून कोयत्यासोबत उसाच्या फडावर गेलेलं आणि तिथे धाकट्याला सांभाळणारं पोर, छत्तीसगडातून आई-बापामागे परराज्यातल्या वीटभट्टीवर गेलेलं आणि विटा उलथून वाळवणारं पोर. स्थानिक हिंदी वृत्तपत्रं या शेवटच्याला ‘पलायन’ म्हणतात, जणू ते सगळे कुठून तरी पळून चालले आहेत. यातलं प्रत्येक मूल कुणाला तरी हातभारच लावत असतं.

आणखी एक शब्द पाहा. मराठीत आपण ‘कामाला पोरगी पाहिजे’ म्हणतो; ‘कामाला मुलगी पाहिजे’ असं कुणी म्हणत नाही. मुलगी म्हणजे आपली. चहाच्या टपरीवरचा ‘पोऱ्या’ हे वयाचं नाव राहिलेलं नाही, ते हुद्द्याचं नाव आहे. हिंदीत त्याचा ‘छोटू’ होतो, आणि तो तिशीला आला तरी छोटूच राहतो. छत्तीसगडीत ‘लइका’ म्हटलं की माया असते, ‘टूरा’ किंवा ‘टूरी’ म्हटलं की सूर खाली येतो. एका कथेच्या अनुवादात मला ‘छोटू’ मराठीत आणायचा होता. ‘पोऱ्या’, ‘बारक्या’, ‘पिंट्या’ असे सगळे घालून पाहिले आणि लक्षात आलं की या जागेसाठी दोन्ही भाषांकडे शब्दांची मुळीच टंचाई नाही. टंचाई आहे ती त्या मुलाच्या नावाची. लेखकाने ते दिलेलंच नव्हतं, आणि मी तीनदा वाचूनही ते मला खटकलं नव्हतं.

आमच्याही घरात एक टूरी होती. १९८९ च्या आसपासची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांची. धाकट्या भावाला सांभाळायला महासमुंदकडच्या एका खेड्यातून तिला आणलं होतं. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. आजी सगळ्यांना सांगायची, “घरच्यासारखीच आहे.” ‘सारखी’ या शब्दाचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. ती स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात झोपायची. तिला आमच्यासारखंच जेवण मिळायचं, आमच्यानंतर. मी पाढे म्हणत असले की ती भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहायची. एका उन्हाळ्यात मी तिला पाटीवर अक्षरं शिकवायला घेतली. ‘ब’पर्यंत आलो असू. जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली आणि आमचा वर्ग बंद पडला. त्यानंतरच्या पौषात छेरछेऱ्याला ती गावी गेली ती परत आली नाही. घरात दोन दिवस चर्चा झाली की आता दुसरी कुठून आणायची.

कायद्याने आम्ही निर्दोष होतो. १९८६ च्या कायद्याच्या यादीत घरकाम नव्हतंच, ते १० ऑक्टोबर २००६ ला आलं. माझे आई-वडील सुशिक्षित, सभ्य माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात व्याख्यानं ऐकणारी, पुस्तकं विकत घेणारी. ‘झोंबी’ आमच्या घरात आलं ते नवं असतानाच. म्हणजे ती मुलगी आमच्याकडे होती तेव्हा ते पुस्तक कपाटात होतं. आईने ते रडत वाचल्याचं मला आठवतं. ती मुलगी कपाट पुसायची.

यातला खरा दोष त्यांचा नाही, माझा आहे. एम.ए. करताना एका चर्चासत्रात मी ही हकिगत सांगितली होती. विषय होता आत्मकथन आणि साक्षरता. मी सांगितली ती अशी: एका मुलीने दुसरीला पाटीवर अक्षरं शिकवली. लोकांना आवडली. कुणीही विचारलं नाही की त्या उन्हाळ्यात ती दिवसाला किती तास काम करत होती. मीही सांगितलं नाही, कारण माझ्या गोष्टीत तिचं काम नव्हतंच, माझी माया होती.

आपल्याकडे बालमजुरीबद्दल बोलताना पहिलं वाक्य ‘गरिबीमुळे’ हे असतं. ते खोटं नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा गुरं राखायला आणि शेत पाहायला मुलं लागतात म्हणून गरीब शेतकरी त्यांना शाळेत घालू शकत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट मांडलं होतं. पण त्यापुढे त्यांनी ‘इलाज नाही’ असं लिहिलं नाही. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि अशा मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं लिहिलं. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा आदेश काढला, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. कागल हे त्यांच्या घाटगे घराण्याचं गाव. त्याच गावात तीसेक वर्षांनी एका मुलाला पाचवीत बसायला मिळावं म्हणून आईला घेऊन रात्रीच्या वेळी वाड्याची पायरी चढावी लागते. गरिबी दोन्हीकडे होती. फुल्यांना आणि शाहूंना जे सुचलं ते इतरांना सुचू नये, याचं कारण गरिबीत सापडणार नाही.

ते कारण मायरन वायनर या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९१ साली एका पुस्तकात शोधलं. भारतातली मुलं आणि राज्यसंस्था हा त्याचा विषय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की भारताएवढ्या किंवा त्याहून गरीब देशांनी मुलं कामावरून काढून शाळेत घातली. इथे ते झालं नाही, कारण इथल्या शिकलेल्या मध्यमवर्गाला आणि अधिकाऱ्यांना मनातून ते पटलेलंच नव्हतं. हातांनी काम करणाऱ्यांची मुलं हातांनीच काम करणार, त्यांना जास्त शाळा दिली तर ना इकडची ना तिकडची होतील, असं त्यांना वाटत होतं. पुस्तक जुनं झालं, त्याच्यावर टीकाही झाली, त्यानंतर शिक्षणहक्क कायदा येऊन एप्रिल २०१० पासून लागूही झाला. तरी २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची काम करणारी मुलं एक कोटीच्या वर होती. वायनरच्या मुद्द्यात मला एक भर घालावीशी वाटते. आपला वर्ग निव्वळ उदासीन असता तर आपण ‘झोंबी’ वाचून रडलो नसतो. आपण रडतो, पुरस्कार देतो, पाठ्यपुस्तकात घालतो. राबणाऱ्या मुलाचं आपल्याला कौतुक आहे, आणि त्या कौतुकातच आपली संमती मुरलेली आहे. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या घरात दिवा का नव्हता, हे आपण विचारत नाही. विचारलं तर गोष्टीची चव जाते.

यावर एक उत्तर येईल आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ते शेत नसतं, ती गुरं नसती, तर ‘झोंबी’ची भाषा कुठून आली असती? पाणी पाजताना एकट्याने म्हटलेल्या कविता नसत्या तर लेखक कसा घडला असता? कवितेमुळे त्याला एकटेपणा हवासा वाटू लागला, हा त्या पाठातला सर्वात सुंदर भाग आहे, आणि परीक्षेतला आवडता प्रश्नही. मला वाटतं, इथे आपण दोन गोष्टी एकत्र बांधतो. बोली त्याला आईकडून, गावाकडून, शेतात असण्यातून मिळाली. शेतात असणं आणि शेताला जुंपलं जाणं वेगळं. कविता मास्तरांनी दिली, शाळेत. कामाने त्याला दिला तो एकांत, आणि त्या एकांताला त्याने कवितेने सहन करण्याजोगं केलं. सहन करण्याच्या युक्तीला आपण कामाची देणगी म्हणू लागलो, तर यादवांनी पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’पर्यंत ज्या नुकसानीचा जमाखर्च मांडला, तो आपण वाचलाच नाही असं होईल. ‘झोंबी’ त्या वेळेची भलामण करत नाही. ते काम पुस्तकाबाहेर आपण वाचक करतो.

दुसरं म्हणजे, ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कारण ती सांगणारा सुटला. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलेल्या पोरक्या नारायणाने ‘माझे विद्यापीठ’ लिहिलं १९६६ साली. त्याआधी लहानपणापासून मिळेल ते काम केलं. आपण त्या शीर्षकाचा अर्थ असा लावला की रस्ता हेही एक विद्यापीठ असतं. त्याच रस्त्यावर त्यांच्यासोबत भांडी घासणाऱ्या किती पोरांना पदवी मिळाली, हे ते विद्यापीठ सांगत नाही. ‘वितान’च्या पहिल्या भागात, म्हणजे अकरावीला, बेबी हालदार यांच्या ‘आलो-आँधारि’मधला भाग आहे. घरकाम करणाऱ्या बेबीला घरमालक प्रबोध कुमार यांनी लिहायला लावलं, तिचं बंगाली लेखन हिंदीत आणलं, आणि २००२ साली ते आधी हिंदीतच पुस्तक झालं. त्यात बेबीचा मोठा मुलगा आहे. तो दुसऱ्या कुणाच्या घरी कामाला आहे. आई लेखिका झाली, तिच्याकडे आपलं लक्ष जातं, आणि तो मुलगा तिच्या गोष्टीतला एक काळजीचा विषय होऊन राहतो. अकरावीत ते पोर आणि बारावीत आनंदा, असे दोघे एकाच मालिकेतल्या दोन पुस्तकांत आहेत. एकाला आपण दाद देतो. दुसऱ्याचं नावही आपल्याला सांगता येत नाही. अकरा वाजता आनंदाने खाली ठेवलेलं काम घरातल्या कुणी उचललं असेल, हा प्रश्नही मला आता त्या दुसऱ्या मुलाच्या बाजूने पडतो.

म्हणून ‘जूझ’ अभ्यासक्रमातून काढा असं मी म्हणणार नाही. उलट तो राहावा. रायपूरच्या मुलांना तो हवा आहे, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सकाळी येणाऱ्या बाईसोबत कधीतरी तिची लेक येते, आणि ‘आज शाळा नाही का?’ असं विचारून आपण तिच्या हातात झाडू देतो. पाठ तोच ठेवून प्रश्न एक वाढवावा. बापाच्या अटी वाचा आणि मुलाच्या दिवसाचं वेळापत्रक तयार करा. एवढंच. समीक्षेचं फार मोठं काम त्या वेळापत्रकात होऊन जाईल. आणि अनुवादकांनी, म्हणजे मी, ‘मदत’, ‘हातभार’, ‘हाथ बँटाना’ हे शब्द लिहिण्याआधी तिथे ‘काम’ लिहून पाहावं. वाक्य कानाला खटकलं, तर ते का खटकलं याचा विचार करावा.

शेजारच्या मुलीसोबत मी ते वेळापत्रक केलं. तिने वहीत रेघा मारल्या, सहा ते अकरा, अकरा ते पाच, पाच ते सहा असे कप्पे पाडले. मग बराच वेळ बघत राहिली. “याला झोप कधी मिळत असेल?” तिने विचारलं. पाठात त्याचं उत्तर नाही. मग म्हणाली, “हे परीक्षेत लिहू का?” मी म्हटलं, आधी गुण मिळतील ते लिही, जागा उरली तर शेवटी हे एक वाक्य लिही, की शाळेत पोहोचेपर्यंत त्याचे पाच तास काम झालेलं असायचं.

तिने ते लिहिलं की नाही, मी विचारलं नाही. माझ्या त्या अर्धवट अनुवादात मात्र ‘छोटू’ला अजून मी हात लावलेला नाही. लेखकाला पत्र लिहून त्या मुलाचं नाव काय होतं, एवढं विचारलं आहे.